केरा, डोरा आणि आमचं लाल पेन

गोंदियाला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं आधी विचारतात, वाघ दिसला का. नाही दिसला. आम्ही जंगलात पाऊलसुद्धा टाकलं नाही. आम्ही आठवडाभर लहान मुलांच्या एका रुग्णालयात होतो, आणि त्यातला निम्मा वेळ स्वतःच केलेली चूक निस्तरण्यात गेला. ती चूक आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिलेली नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी वाचा-उपचाराच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्यांना बोलताना अडचण येते त्यांचं बोलणं तपासायचं आणि सुधारायचं, हे आमचं शिक्षण. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज सेवेसाठी विद्यार्थ्यांचा गट बाहेर पाठवतं. यंदा आम्ही चौघी होतो आणि बरोबर आमच्या साठे मॅडम. चौघींपैकी तन्वी माझी जोडीदार. ती कोथरूडची, अभ्यासात पहिली, आणि तिच्या बॅगेत प्रत्येक गोष्टीला वेगळी पिशवी. मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातली, आणि माझ्या बॅगेत सगळं एकत्र. या एकत्र ठेवण्यातच पहिला अपघात झाला. गोंदिया स्टेशनवर बॅग उघडली तर तपासणीचा लहान आरसा फुटलेला. तन्वी म्हणाली, "जाऊ दे, कार्डं शाबूत आहेत ना." मीही म्हटलं, जाऊ दे.

गोंदिया

स्टेशनबाहेर मी ऑटोवाल्याशी मराठीत बोलले आणि तो माझ्याशी हिंदीत. दोघांचंही काही अडलं नाही. पुण्याहून सुट्टीत आलोय म्हटल्यावर तो म्हणाला, "छुट्टी में लोग इधर से पुना जाते हैं मॅडम. आप उलटे आ गये." त्यानंच आम्हाला पोह्यांच्या गाडीवर नेलं. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं असतं, इथे पोह्यांवर लालभडक तर्री ओततात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. तिसरी प्लेट मी स्वतः मागितली.

रुग्णालय गोरेगाव तालुक्यात, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध आहे. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी अजून उभा होता. कापलेल्या बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे रचलेले, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलवर मागे कुणीतरी पाहुणा. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. आम्ही तिथे पोचलो तेव्हा अर्धा स्टाफ कुणाच्या ना कुणाच्या मंडईला गेला होता.

स्वयंपाकघरातल्या बाईंनी आल्या आल्या मला कामाला लावलं. म्हणाल्या, "जा वं, मागच्या वाफ्यातून सांभार आन." मी एक पातेलं घेतलं आणि मागे गेले. वाफ्यात उभी राहून बराच वेळ सांबाराचा डबा कुठे ठेवलाय ते शोधत होते. शेवटी बाईच आल्या. "पातेला कायले आनलीस?" त्यांनी दोन मुठी कोथिंबीर उपटली आणि माझ्या पातेल्यात टाकली. तिकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात.

जेवताना ही गोष्ट सगळ्यांना सांगून मी भरपूर हशा मिळवला. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी होती. संध्याकाळी आईचा फोन आला. "पानी गरम करून पी," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच थांबून, "पाणी, पाणी." हे तिला मीच शिकवलं होतं. ते का, ते पुढे येईल.

व्हरांडा, पहिला दिवस

या रुग्णालयात जन्मतः ओठ, टाळू दुभंगलेल्या मुलांची ऑपरेशनं होतात. नागपूरहून एक सर्जन ठराविक दिवशी येतात. टाळू शिवला की मूल लगेच स्पष्ट बोलायला लागतं असं नाही. काहींचा टाळू शिवल्यावरही आखूड पडतो, हवा नाकातून निसटते आणि बोलणं गेंगाणं राहतं. अशांचं पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. सर्जन तीन दिवसांनी येणार होते. त्यांचा निरोप साधा होता. ज्यांचं बोलणं अजून नाकातून येतं, त्यांची यादी तयार ठेवा.

जुनी ऑपरेशनं झालेली तेवीस मुलं तपासणीसाठी बोलावली होती. मॅडम आणि बाकीच्या दोघी तान्ह्या बाळांना दूध कसं पाजायचं ते आयांना शिकवण्यात गुंतल्या. मोठी मुलं माझ्यावर आणि तन्वीवर सोपवली. आमच्याकडे कॉलेजचा संच होता, तीस चित्रांचा. मुलानं चित्र पाहून नाव सांगायचं. उच्चार चुकला की कागदावर लाल खूण. नाकाखाली आरसा धरून हवा निसटते का ते पाहायचं, अशी तपासणीची दुसरी पायरी होती, पण आरसा फुटला होता. तन्वीनं ठरवलं, वीसच्या खाली बरोबर आले की नाव यादीत. मला ते पटलं. आकडा हातात असला की माणसाला फार बरं वाटतं.

पाचव्या नंबरला सात वर्षांची एक मुलगी आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि नाकाखाली ऑपरेशनची बारीक रेघ. मी नाव विचारलं.

"रोसनी."

मी लाल खूण केली. 'श'च्या जागी 'स'. अजून चित्र दाखवलं नव्हतं, तोवर पोरीचा एक मार्क गेला. मग केळ्याचं चित्र. "केरा." डोळा, "डोरा." छत्री, "सत्री." बाण, "बान." फळ्याला ती फरा म्हणाली. पोळीच्या चित्राला रोटी म्हणाली, तर तन्वीनं तेही चूक धरलं. जहाजाकडे बघून गप्पच बसली. तीसपैकी चौदा.

तिची आई देवकाबाई शेजारी बसली होती. सालेकशाच्या अलीकडच्या एका गावातून सकाळच्या गाडीनं आलेली. घरी धान कापून पडला होता आणि तो उचलायला नवरा एकटा होता. मी तिला समजावून सांगितलं की मार्क कमी आहेत, बहुतेक पुन्हा ऑपरेशन लागेल, त्यामुळे सर्जन येईपर्यंत थांबावं लागेल.

तिनं पोरीची सुटलेली रिबीन बांधली. मग म्हणाली, "मागच्या बारीनं आठ दिवस हिले चमच्यानं पानी पाजलो. रडाले गेली का टाका ताने. पुन्हा करा लागते तं करू, बापा. पर मले तं हिचा सगळा बोलना समजते."

मी कागदावर लिहिलं, 'आईला सवयीमुळे समजते.' आमच्या पुस्तकात अगदी असंच वाक्य आहे.

रोसनीनं ऑपरेशन हा शब्द ऐकला होता. तिनं उजवा हात तोंडावर ठेवला. जेवायची वेळ झाली तरी तो काढला नाही.

संध्याकाळपर्यंत तेवीस कागद भरले. नऊ नावं यादीत आली आणि रोसनीचं पहिलं. गंमत म्हणजे खेड्यांतून आलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या चुका सारख्याच होत्या. तेच 'केरा', तोच 'बान', तीच 'सत्री'. साथ आल्यासारखं. आम्ही दोघी खूश झालो. तन्वी म्हणाली, "हा पॅटर्न आहे. यावर पेपर होईल." मी मनातल्या मनात पेपराचं शीर्षकही ठरवून टाकलं.

हातपंप

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातपंपावर दात घासत होते. धुकं होतं आणि बांधीत दोन सारस उभे होते. त्यांना बघायला मी मान वळवली, तेवढ्यात मागून देवकाबाईची हाक आली.

"रोसनी. रोसनी वं. तोंड धुवाले ये."

ब्रश तोंडात तसाच राहिला. आई रोसनी म्हणत होती. आईच्या टाळूला काय झालं होतं? काही नाही. पोरीनं जन्मल्यापासून स्वतःचं नाव असंच ऐकलं होतं. तिच्या घरात, गल्लीत, धानाच्या बांधीत, कुणीच कधी 'श' म्हटला नव्हता. ती तिच्या आईसारखं बोलत होती, आणि त्याबद्दल मी तिला सुरीखाली पाठवत होते.

मी चूळ भरली आणि पंपाच्या कट्ट्यावर बसले. हे कळायला हवं होतं ते इतर कुणाला नाही, मला. पहिल्या वर्षी कॉलेजात मला तोंडी परीक्षेत विचारलं होतं, 'पेशंट काय मागतोय?' मी म्हटलं, "पानी." मागच्या बाकावरून हसू आलं, मग सगळ्या वर्गात पसरलं. त्यानंतर वर्षभर मी होस्टेलच्या बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहून ण, ण, ण घोकलं. जीभ वळली. मग मी घरी गेले आणि आईचं 'पानी' सुधारायला लागले. वर्षभर सुधारत होते. बिचारी फोनवरही स्वतःला थांबवायची. आणि ज्या 'ण'साठी मी स्वतः रडले होते, त्याच 'ण'ची लाल खूण मी या पोरीच्या कागदावर केली होती.

मी कार्डं आणली आणि देवकाबाईसमोर बसले. "हे काय आहे, सांगा."

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "मायी परीक्षा घेऊन राहिल्या का?"

"नाही, माझी."

तिनं सांगितलं. केरा, डोरा, सत्री, बान, फरा. मी प्रामाणिकपणे खुणा केल्या. देवकाबाईला तीसपैकी पंधरा. मग व्हरांड्यातल्या बाकीच्या आया बोलावल्या. हसत हसत सगळ्या बसल्या. नातवाला घेऊन आलेल्या एका आजीला बारा मिळाले. एकीलाही वीस गाठता आले नाहीत. आमच्या हिशोबानं अख्ख्या व्हरांड्याचं ऑपरेशन करावं लागलं असतं.

औषधाचा ट्रे घेऊन चाललेल्या पटले सिस्टर थांबून बघत होत्या. त्या तिथल्याच, घरी पोवार समाजाची पोवारी बोलणाऱ्या आणि वीस वर्षं या मुलांत वावरलेल्या. "मॅडम," त्या म्हणाल्या, "इकडं ळ, ण, श कोनी बोलतच नाई. तुमी कायले लाल पेन चालवून राहिल्या?"

"कालच का नाही सांगितलंत?"

"तुमी विचारल्या नाई."

तन्वीला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी कबूल होईना. तिचं म्हणणं, चूक ती चूक. "उद्या शाळेत बाई तिचे मार्क कापतीलच ना? मग आपण प्रमाण उच्चार शिकवायचा नाही तर काय करायचं?"

"बाईंना कापू दे," मी म्हटलं. "बाईंच्या हातात पेन असतं. आपण ज्यांच्या हातात यादी देणार आहोत त्यांच्या हातात सुरी असते."

ती चिडून निघून गेली. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा तिच्या हातात कालचे सगळे तेवीस कागद होते. "मी बघितले," ती म्हणाली. "ळ, ण, श, छ काढून टाकले तर रोशनीच्या कागदावर फक्त जहाज आणि पोळी उरते." डोळे लाल होते, पण आवाज पक्का होता. "चल मॅडमकडे."

साठे मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "मी यादी न वाचता कपाटात ठेवली, हे माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पण नुसतं खोडून चालणार नाही. या नवांत ज्यांना खरंच ऑपरेशन हवंय तेही असतील. परवा सकाळी सर येतायत. तेवीसही मुलं पुन्हा तपासा. आणि या वेळी आरसा हवा."

गोरेगावचा बाजार

सुदैवानं त्या दिवशी गोरेगावचा आठवडी बाजार होता. मी एसटी धरली. मंडईला निघालेल्या बायकांच्या मधे मला जेमतेम उभं राहायला जागा मिळाली, आणि एकीनं न विचारता आपलं नातवंड माझ्या कडेवर दिलं. बाजारात वांग्यांचे ढीग, सुक्या मासळीचा वास, धान विकून आलेले बाप्ये आणि बांगड्यांपाशी अडून बसलेल्या पोरी. आरसेवाला एका तागाच्या पोत्यावर बसला होता.

"ताई, मोठा घ्या. तोंड पूरा दिसन."

"मला फक्त नाक बघायचंय."

"नाकासाठी आरसा घेऊन राहिल्या?" त्यानं शेजारच्या बांगडीवाल्याला ऐकवलं. "पुन्याकडचे लोक गा, एकेक अवयव अलग अलग पाहून राहिले."

मी तीन लहान आरसे घेतले, मागे नट्यांचे फोटो असलेले. परत जायची एसटी चुकली, म्हणून धान वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरच्या मागे बसून आले. अंगभर कुसं टोचत होती आणि मांडीवर आरसे घट्ट धरले होते. हे आता फुटू द्यायचे नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी व्हरांड्यात शब्द बनवायचं काम सुरू झालं. हवा नाकातून निसटते का हे कळायला असे शब्द लागतात, ज्यांत न, म, ण नाही, कारण ते मुळातच नाकातले. प, ब, ट, ड, क, ग असे हवा तोंडात अडवणारे आवाज हवेत. आणि शब्द मुलांच्या घरातले हवेत. पुस्तक बंद केलं आणि आयांना विचारत सुटलो. पोपट आला, टोपी आली, बकरी, काकडी, डबा, कापूस आले. पटले सिस्टर मधूनमधून न्याय द्यायच्या. "हा नको, हा फक्त पोवार बोलतात." "हा चालते, सबको पता है." आजी सुचवायची ते निम्मे शब्द शिव्या निघायचे, आणि आया पदरात तोंड लपवायच्या. तन्वी, जिची चित्रकला वहीच्या समासापलीकडे कधी गेली नव्हती, ती वहीची पानं फाडून चित्रं काढत होती. तिची बकरी सगळ्यांना कुत्रा वाटली. ती तीनदा काढली. संध्याकाळी उजेड होता तोवर वीस चित्रं झाली.

पुन्हा तेवीस

सकाळी सहापासून सुरुवात केली. एका मुलाला आधी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागत होता, कारण या वेळी आम्ही खरोखर ऐकत होतो. मूल शब्द म्हणतं, मी नाकाखाली आरसा धरते, तन्वी काचेकडे बघते. काच धुरकट झाली तर हवा निसटतेय. दुपारचं जेवण पाळीपाळीनं उभ्यानं केलं. पाठ मोडून निघाली, पण उद्यावर काही ठेवायचं नाही असं दोघींनी ठरवलं होतं.

रोसनी यायलाच तयार नव्हती. हात तोंडावर तसाच. देवकाबाईनं ओढलं तर खांबाला मिठी मारली. मग मी आरसा माझ्याच नाकाखाली धरला आणि म्हटलं, "तू बघ. माझ्या नाकातून वारा येतो का सांग." म्हणाले, "पोपट." तिनं वाकून बघितलं. मान हलवली, नाही. मी "मामा" म्हणाले, काच धुरकटली. तिला गंमत वाटली. हात आपोआप खाली आला.

"मले दे," ती म्हणाली.

तिनं स्वतः आरसा धरला. पोपट. बकरी. काकडी. डबा. तन्वीची बकरी तिनं पहिल्या झटक्यात ओळखली, त्यामुळे तन्वीला ती जन्मभर आवडणार. वीस शब्द झाले. आरशात मागच्या खांबाचं प्रतिबिंब जसंच्या तसं दिसत होतं, एक ठिपकाही धुरकट नव्हता. मी काच उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. मग तन्वीनं पाहिली.

त्या नवांतली चार नावं यादीत राहिली. पाच गेली. आणि एक नवीन आलं, ज्याची आम्ही अपेक्षाच केली नव्हती. गोंदियातल्या कापडदुकानदाराचा मुलगा, नऊ वर्षांचा. पहिल्या दिवशी त्याला तीसपैकी सव्वीस मिळाले होते. श, ष, ळ, ण सगळं चोख आणि हळू आवाजात. आता "पोपट" म्हणताना आरसा पूर्ण धुरकटला. आम्ही त्याच्या स्वच्छ शब्दांवर इतक्या खूश होतो की त्याचा आवाज ऐकलाच नव्हता.

त्याचे वडील म्हणाले, "लेकिन आपने तो पास कर दिया था."

"गलती हमारी थी," मी म्हटलं. हे वाक्य त्या दिवशी मी पाच-सहा वेळा म्हटलं. पहिल्यांदा जड गेलं.

सर्जन

सर्जन सर सकाळी नऊला आले. मॅडमनी दोन्ही याद्या त्यांच्यापुढे ठेवल्या, जुनी आणि नवी. लपवायचं नाही असं आमचं ठरलं होतं. त्यांनी दोन्ही वाचल्या.

"आधी ही मुलगी पहिली होती. आता नावच नाही. काय झालं?"

मी सांगितलं. हातपंपापासून आरशापर्यंत सगळं. ते मधे बोलले नाहीत. मग रोसनीला बोलावलं, टॉर्च लावून टाळू पाहिला, तिच्याकडून पाच-सहा शब्द म्हणवून घेतले. शेवटी विचारलं, "नाव काय तुझं?"

मी तन्वीकडे पाहिलं.

"रोसनी," ती म्हणाली. खणखणीत.

"छान टाळू आहे, रोसनी. घरी जा." मग आमच्याकडे वळून ते म्हणाले, "मी टेबलापाशी उभा असतो तेव्हा पोरगी बोलत नसते. बोलतो तो तुमचा कागद. एवढं लक्षात ठेवा."

दुकानदाराच्या मुलाला त्यांनी पुढच्या तपासणीसाठी ठेवून घेतलं. आम्ही बाहेर आलो आणि जीव भांड्यात पडला. तन्वी पायरीवर बसून रडली. मी रडले नाही. मला राग येत होता आणि तो माझ्यावरच होता.

थांबा

दुपारच्या एसटीसाठी मी देवकाबाईबरोबर थांब्यापर्यंत गेले. रोसनी पुढे पुढे उड्या मारत चालली होती. एक आरसा मी तिला देऊन टाकला होता, आणि ती रस्त्यातली प्रत्येक गोष्ट त्यात पाहून तिचं नाव घेत होती. दोन दिवस तोंडावर हात ठेवून बसलेली पोरगी आता थांबत नव्हती. देवकाबाई धानाचं बोलत होती. चार दिवसांत किती उचलला गेला असेल, कापलेला भिजला तर नसेल. त्या चार दिवसांची भरपाई मी काही करू शकत नव्हते. मी तशी माफी मागितली.

"राहू द्या," ती म्हणाली. "पोरीचा ऑपरेशन टळला. धान का, उचलून होईन." मग थोड्या वेळानं विचारलं, "तुमी पुन्याच्याच का?"

"नाही. साताऱ्याकडची, खेड्यातली. आमच्याकडे पण पानीच म्हणतात. माझी आई पानीच म्हणते."

ती चालता चालता थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही, खरंच कळून घ्यायचं होतं म्हणून.

"मंग तुमाले काऊन समजला नाई?"

पुण्यातलं कॉलेज, मागच्या बाकावरचं हसू, बाथरूममधला आरसा, हे सगळं तिला कुठून सांगणार? तेवढ्यात एसटी आली. रोसनी चढली, खिडकीतून डोकं काढलं आणि आरसा माझ्याकडे धरला. "ताई, केरा म्हन."

"केरा," मी म्हटलं.

तिनं आरशात बघितलं आणि मान हलवली. पास.

परत रुग्णालयाकडे येताना बांधावर बसले आणि घरी फोन लावला. आईनं उचलला. जेवलीस का, थंडी आहे का, कधी निघणार, सगळं विचारून झालं. मग नेहमीसारखं, "आन् पानी नीट पी..." आणि ती थांबली. "पाणी."

"पानीच म्हण, आई."

"काय?"

"पानीच बरोबर आहे. मी चुकीचं शिकवलं होतं."

पलीकडे तिनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं. पानी पी."